एजंट मिळाला, आता हात मोकळा करा: सोलापुरातल्या चित्रकारांसाठी

लग्नपत्रिका, बालवाडीच्या भिंती, क्लासच्या जाहिराती, दिवाळी अंकातली कथाचित्रं. सोलापुरात राहून चित्रांवर घर चालवणाऱ्याचा हात बहुतेक याच कामांवर घडतो. या कामांत समोरचा म्हणेल तसं बदलून द्यायची सवय लागते. रंग भडक करा, चेहरा जरा उजळ करा, कोपरा रिकामा दिसतोय तिथं काहीतरी टाका. आठ-दहा वर्षांत हाताला सफाई येते, पण या कोपऱ्यात काय हवं हे स्वतः ठरवायची सवय सुटते. मग मुलांच्या चित्रपुस्तकांचं काम प्रकाशकांना दाखवून विकून देणारा एजंट होकार देतो, आठवडाभर पाय जमिनीला लागत नाहीत, आणि नवव्या-दहाव्या दिवशी कोऱ्या कागदासमोर हात अडतो. आता ‘काहीतरी भारी’ काढून दाखवायचं दडपण येतं.

इथं बहुतेकांची एकच चूक होते. एजंटला काय आवडेल याचा अंदाज बांधून ते चित्र काढू लागतात. जुन्या गिऱ्हाइकाच्या जागी नवं गिऱ्हाईक येतं, एवढंच. एजंटचा होकार तुमच्या आधीच काढलेल्या, ठरावीक चित्रांना मिळालेला असतो. ती चित्रं कोणती, त्यांत काय होतं आणि ते पुन्हा कसं काढायचं, हे शोधणं हे पहिल्या तीन महिन्यांचं खरं काम आहे. आत्मविश्वास त्यातूनच परत येतो.

पहिल्या कॉलवर विचारायचे प्रश्न

करार झाल्यावरच्या पहिल्या कॉलला वही-पेन घेऊन बसा. एजंट लंडनचा असेल तर त्याचे सकाळचे अकरा म्हणजे उन्हाळ्यात आपले दुपारचे साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार. न्यूयॉर्कचा असेल तर साडेनऊ ते साडेदहा तासांचा फरक धरा, म्हणजे कॉल आपल्या संध्याकाळी सात-आठला येईल. पहिला प्रश्न हा: ‘माझ्या पोर्टफोलिओतली कोणती तीन चित्रं पाहून तुम्ही थांबलात?’ ‘एकूणच शैली आवडली’ असं उत्तर आलं तर तेवढ्यावर सोडू नका, चित्रांची नावं किंवा पान क्रमांक मागा. दुसरा प्रश्न, कोणती चित्रं काढून टाकावीत. तिसरा, ही चित्रं कोणत्या प्रकारच्या संपादकाला दाखवायचा विचार आहे. चौथा, कच्चं काम कोणत्या टप्प्यावर पाहायला आवडेल: थंबनेल (पानाचं छोटं कच्चं रेखाटन), पेन्सिल डमी (पुस्तकाची पेन्सिलनं काढलेली नमुना वही) की रंगवलेले नमुने.

एक सांगायला हवं. आपल्याकडे ‘सर’, ‘मॅडम’ म्हटल्याशिवाय जीभ वळत नाही. तिकडे पहिल्या नावानं हाक मारणं हीच रीत आहे आणि त्यात अनादर नसतो. ‘सर’ म्हटलं की नकळत आपण सूचना घेणाऱ्याच्या खुर्चीत जाऊन बसतो. एजंट तुमच्या वतीनं काम करतो. मार्केट यार्डातला आडत्या कांदा विकला गेला तरच आडत घेतो, तसंच इथं आहे. तुमचं काम विकलं गेलं तरच त्याला पैसे मिळतात. नोंदणी फी, वाचन फी किंवा पोर्टफोलिओ दुरुस्तीची फी आधी मागणाऱ्याकडे जाऊच नका.

फरशीवरची मांडणी

गेल्या तीन वर्षांतली ४० ते ६० चित्रं निवडा. एका ए-४ कागदावर चार या हिशेबानं रंगीत प्रिंट काढा, म्हणजे १० ते १५ कागद लागतील. ते कापून शहाबादी फरशीवर मांडा. करडी फरशी यासाठी उत्तम, रंग खरे दिसतात. नक्षीच्या चादरीवर मांडू नका, डोळा फसतो.

आता तीन ढीग करा. पहिल्यात, दुसऱ्यानं सांगितलं म्हणून तशी झालेली चित्रं. दुसऱ्यात, पूर्ण स्वतःच्या मनानं काढलेली. तिसऱ्यात, सांगता न येणारी. एजंटनं नाव घेतलेल्या चित्रांवर पेन्सिलनं खूण करा. या खुणा बहुधा दुसऱ्या आणि तिसऱ्या ढिगात पडतात. पहिल्या ढिगात पडल्या तर तेही कामाचं आहे, कारण गिऱ्हाइकाच्या चौकटीतही तुम्ही काहीतरी स्वतःचं घुसवलं होतं.

खूण केलेली चित्रं एका ओळीत लावा आणि त्यांत समान काय आहे ते पाच वाक्यांत लिहा. ‘भावपूर्ण’, ‘सुंदर’ असले शब्द बाद. डोळ्यांना दिसेल तेच लिहायचं: ‘माणसं पाठमोरी असली तरी ओळखू येतात.’ ‘पानाचा खालचा एक तृतीयांश भाग रिकामा आहे.’ ‘प्रकाश एका बाजूनं येतो आणि सावली निळी आहे.’ ‘रेघ कुठंच बंद होत नाही.’ हा कागद टेबलासमोर भिंतीवर लावा. पुढच्या तीन महिन्यांत अडाल तेव्हा या पाच वाक्यांपैकी एक घ्या आणि तेवढंच चित्रात आणा.

रोजची चाळीस मिनिटं

आधी १० मिनिटं पेननं काढायचं. पेन्सिल नको, खोडरबर तर खोलीतच नको. चुकलेली रेघ तशीच राहू द्यायची आणि तिच्या शेजारी दुसरी मारायची. नंतर २० मिनिटं एकच पात्र नव्या परिस्थितीत: तेच पोर भिजलेलं, तेच पोर रांगेत कंटाळलेलं, तेच पोर आजीच्या मागं लपलेलं. उरलेली १० मिनिटं, आज काढलेल्यातलं एक चित्र निवडून ते का निवडलं हे एका ओळीत लिहायचं. निवडायची सवयच तर मोडलेली असते, म्हणून ही शेवटची दहा मिनिटं सगळ्यांत महत्त्वाची.

पात्राच्या सरावाला व्यवहाराची बाजूही आहे. एकच मूल १४ स्प्रेडवर (स्प्रेड म्हणजे समोरासमोरची दोन पानं) तेच मूल वाटतं का, हे संपादक सर्वांत आधी पाहतात. डोक्याच्या किती पट उंची, कान डोळ्यांच्या रेषेत की खाली, केसांचा भांग कुठल्या बाजूला, हे एका पानावर मोजून ठेवा. चेहरा समोरून, बाजूनं, पाऊण आणि मागून काढा. पुढं सहाव्या महिन्यात फायनल रंगवताना हे पान तुमचे कित्येक दिवस वाचवेल.

आठवड्यातून एकदा बाहेर बसून काढा. सिद्धेश्वर तलावाचा काठ, भुईकोटाची तटबंदी, नान्नजचा माळ, स्टेशनसमोरची गर्दी. पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यात बसायचं असेल तर मालकाला आदल्या दिवशी विचारा आणि मागावर आडव्या धावणाऱ्या धोट्याच्या रेषेत बसू नका. तिथं कापसाची रुई हवेत असते. ओल्या रंगात ती बसली की निघत नाही, म्हणून ब्रश-पेन किंवा पेन्सिलच न्या. प्रत्येक धागा काढायचा मोह होतो. त्याऐवजी वर जेकार्डवर, म्हणजे नक्षी ठरवणाऱ्या यंत्रावर, फिरणारी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ काढा, एकेक पुठ्ठा चादरीतली एकेक ओळ सांगत असतो. आणि तुटलेला धागा जोडणारी दोन बोटं काढा. बरेच कामगार घरी तेलुगू बोलतात. ‘अन्ना, दोन मिनिटं बसू का?’ म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही.

परदेशी संपादकासाठी काम करताना ‘भारत’ म्हणून हत्ती, उंट आणि ताजमहाल काढायची ओढ लागते. ती मोडा. तुमच्या वहीतल्या पुठ्ठ्यांच्या माळेसारखा तपशील दुसऱ्या कुणाकडे नाही.

सूचना कशा वाचायच्या

चांगला एजंट सूचना देतोच. त्या वाचल्यावर पहिल्या दिवशी उत्तर द्यायचं नाही, फक्त ‘मिळाल्या, गुरुवारी कळवतो’ एवढं लिहायचं. सूचनेत नेहमी दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: वाचणाऱ्याला कुठं अडलं, आणि त्याच्या मते उपाय काय. अडलेलं जवळजवळ नेहमी खरं असतं. उपाय मात्र तुमचा असू शकतो, आणि बऱ्याचदा तोच बरा असतो.

एक उदाहरण जवळून पाहू. समजा सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचा स्प्रेड आहे. मकर संक्रांतीचे दिवस, सात नंदीध्वज निघालेत, सगळीकडे पांढऱ्या बाराबंदीतले भक्त, आणि त्यात हरवलेली सहा वर्षांची मुलगी. एजंट लिहितो, ‘मुलगी सापडत नाही, गर्दी अर्धी कमी करा.’ गर्दी कमी केली तर यात्रा उरत नाही आणि मुलगी हरवण्याला कारणही उरत नाही. अडचण मात्र खरी आहे. तर गर्दी तशीच ठेवा. बाराबंद्या रंगवूच नका, कागदाचा पांढरा सोडा आणि घड्यांपुरती फिकट निळी सावली द्या. नंदीध्वजांच्या काठ्यांच्या उभ्या रेघा पानाच्या वरच्या कडेबाहेर जाऊ द्या. मुलीच्या परकराला पानावरचा एकमेव तांबडा रंग द्या आणि तिच्याभोवती बोटभर मोकळी जागा ठेवा. आता ती पहिल्या नजरेत दिसते, आणि एवढ्या पांढऱ्यात किती एकटी आहे तेही दिसतं. हे एजंटला दोन ओळींत लिहून पाठवा: ‘तुम्हाला अडलं ते बरोबर होतं. गर्दी ठेवून रंगानं सोडवलं आहे, बघा जमतंय का.’

प्रत्येक सूचनेसाठी तीन रकाने करा: मान्य, वेगळ्या पद्धतीनं सोडवलं, विचारायचं आहे. सगळ्या सूचना पहिल्याच रकान्यात गेल्या तर थांबा. जुनी सवय परत आली आहे. सगळ्या दुसऱ्यात गेल्या तर दोन दिवसांनी पुन्हा वाचा.

डमी

ए-४ चे ८ कागद मधोमध दुमडून एकात एक घातले की ३२ पानांची वही होते. चित्रपुस्तकाचा सर्वांत रूढ आकडा हाच आहे, कारण छापताना मोठा कागद दुमडून १६-१६ पानांचे फर्मे होतात. नावाचं पान, हक्कांचं पान, अर्पण वगैरे वजा जाता गोष्टीला १२ ते १४ स्प्रेड उरतात. पान उलटण्याआधी वाचकाला काहीतरी अडकवून ठेवायचं, म्हणून उत्सुकता उजव्या पानाच्या शेवटी आणि उलगडा पुढच्या डाव्या पानावर.

हातात धरून वहीसारखी उलटता येईल अशी डमी हवीच. स्क्रीनवर सरकवताना जे खटकत नाही ते हातात खटकतं. चेहरा किंवा महत्त्वाचा हात मधल्या शिवणीत गेलाय का बघा. शिवणीपासून दोन्हीकडे किमान १ सेंटीमीटर चेहरे ठेवू नका. चारी बाजूंनी ३ मिलीमीटर ब्लीड, म्हणजे छापल्यावर कापली जाणारी जादा कड, सोडा. मजकुराची जागा थंबनेलमध्येच आखा, नाहीतर सगळ्यात जीव ओतून काढलेल्या आभाळावर अक्षरं येतात. सगळ्या स्प्रेडची थंबनेल एका कागदावर शेजारी-शेजारी लावली की लय कळते. सलग चार स्प्रेडवर माणसं सारख्याच अंतरावरून दिसत असतील तर एक अगदी जवळ आणा, एक अगदी लांब न्या.

एजंटला पाठवायला पूर्ण पेन्सिल डमी आणि २ ते ३ पूर्ण रंगवलेले स्प्रेड पुरतात. सगळं रंगवून पाठवणं ही उत्साहातली महाग चूक आहे. संपादक गोष्ट बदलायला सांगतात आणि दोन महिने वाया जातात.

पानं कशी रचतात ते पाहायला प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीसकट अनेक भाषांतली चित्रपुस्तकं मोफत आहेत. ज्योत्स्ना प्रकाशनाची मुलांची पुस्तकं हातात घेऊन पाहा. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयाचं सभासदत्व घ्या, मुलांच्या कपाटासमोर बसा आणि एका पुस्तकाचे सगळे स्प्रेड चौकोनांत उतरवून काढा. अशी दहा पुस्तकं उतरवली की रचना हातात बसते.

सोलापूरचं ऊन आणि जलरंग

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो आणि हवा कोरडी असते. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, पसरायच्या आत सुकतो, कडा कडक उमटतात, आणि चित्रकाराला वाटतं आपला हात गेला. हात गेलेला नसतो. ३०० जीएसएमचा सुती कागद घ्या, दोन्ही बाजूंनी ओला करा आणि काचेवर किंवा अॅक्रिलिक शीटवर चिकटवा. खालची बाजू ओली राहते तोवर वॉश बराच वेळ खेळतो. मोठे वॉश सकाळी साडेसहा ते नऊमध्ये उरका. पंखा बंद. कूलरसमोर कागद धरू नका, तुषार पडून ठिपके होतात. पाण्याच्या वाटीत ग्लिसरिनचे दोन-तीन थेंब टाकले तर रंग हळू सुकतो. जास्त टाकलं तर चिकट राहतो आणि स्कॅनरच्या काचेला लागतो. दुपार रेघांसाठी आणि स्कॅनसाठी ठेवा.

स्कॅन रंगीत चित्राला किमान ३०० डीपीआय, नुसत्या शाईच्या रेघेला ६००. स्वस्त, पातळ स्कॅनरमध्ये सीआयएस सेन्सर असतो. काचेपासून जरा उचललेला कागद त्यात धूसर येतो, म्हणून चित्र आदल्या रात्री वह्यांच्या वजनाखाली सपाट करा. फ्लोरोसंट गुलाबी आणि झगझगीत जांभळा चार रंगांच्या छपाईत मळतो. ते रंग आवडत असतील तर आधी छापून पाहा.

करार आणि पैसे

मुलांच्या पुस्तकांत एजंटची टक्केवारी देशांतर्गत सौद्यावर साधारण १५ आणि परदेशी सौद्यावर २० ते २५ असते. जाहिरात-मासिकांची कामं आणणाऱ्या इलस्ट्रेशन एजन्सी २५ ते ३५ टक्के घेतात. सही करण्याआधी कोणती कामं कराराबाहेर आहेत हे लेखी घ्या. मराठी प्रकाशक बहुतांशी चित्रकाराशी थेट बोलतात, तिथं एजंट नसतोच. दिवाळी अंक, स्थानिक भित्तिचित्रं, पत्रिका आणि मराठी पुस्तकं वगळून मागा. बहुतेक एजंट मान्य करतात. न विचारता परस्पर काम घेतलं आणि नंतर ते कळलं, की नातं तिथंच बिघडतं.

करार मोडायची मुदत (३० ते ९० दिवस रास्त), मूळ चित्रं तुमच्याकडे परत येतील हे वाक्य, आणि परवानगीशिवाय चित्रं एआयच्या प्रशिक्षणासाठी वापरणार नाही हे वाक्य, या तिन्ही गोष्टी शोधा. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्याच्या कलम १९ प्रमाणे हक्कांचं हस्तांतर लेखी असावं लागतं; पण पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, कलम १७ प्रमाणे काढून घेणाऱ्याकडे जाऊ शकतो, म्हणून करार लेखीच करा. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. कलम ५७ मुळे चित्राखाली नाव लागण्याचा हक्क पैसे घेतल्यावरही तुमचाच राहतो. शक्य तिथं हक्क विकण्यापेक्षा पुस्तकापुरता परवाना द्या.

आगाऊ रकमेचा हिशेब एकदा कागदावर करा. समजा १,००,००० रुपये आगाऊ ठरले. एजंटचे १५ टक्के वजा जाऊन ८५,००० हातात येतात, तेही सही, रफ मंजुरी आणि फायनल अशा तीन हप्त्यांत, वर्ष-दीड वर्षात. पुस्तक ३०० रुपयांचं आणि चित्रकाराचं मानधन ५ टक्के असेल तर प्रतीमागं १५ रुपये. आगाऊ रक्कम याच मानधनातून वळती होते, म्हणजे सुमारे ६,६६७ प्रती खपल्यावर पुढचं मानधन सुरू होतं. म्हणून पहिलं वर्षभर पत्रिका आणि भिंतींची कामं बंद करू नका. आठवड्यातले दोन दिवस त्यांना द्या, पण ठरवून. भाड्याची चिंता डोक्यात असताना कुणीही धीट रेघ मारू शकत नाही.

अमेरिकी प्रकाशकाचं काम असेल तर डब्ल्यू-८बीईएन फॉर्म भरा. न भरल्यास तिकडे ३० टक्के कर कापतात, भरला तर दोन देशांतल्या करारानुसार कॉपीराइटच्या मानधनावर १५. कापलेल्या कराचा पुरावा जपून ठेवा, इथल्या विवरणपत्रात त्याची वजावट मिळते. बँकेकडून परदेशी रकमेचं प्रमाणपत्र दर वेळी मागून घ्या. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या जवळ आली की जीएसटीसाठी सीएला गाठा.

वाट पाहण्याचे महिने

बोलोन्याचा बालपुस्तक मेळा वसंतात, साधारण मार्च-एप्रिलमध्ये भरतो, आणि एजंट त्याची तयारी जानेवारीतच सुरू करतात. गड्डा उठला की नवे नमुने गेलेले असले पाहिजेत, असं गणित ठेवा. फ्रँकफर्टचा पुस्तक मेळा ऑक्टोबरमध्ये. ऑगस्ट आणि डिसेंबरचा शेवट तिकडे शांत असतो. त्या दिवसांत उत्तर आलं नाही म्हणून मन खचवून घेऊ नका.

डमी संपादकांकडे गेल्यावर उत्तराला तीन महिने सहज लागतात, अधिकही लागतात. या काळात त्या पुस्तकातली चित्रं इन्स्टाग्रामवर टाकू नका. एजंटला महिन्यातून एकदा विचारा, रोज नको. नकार आले तर प्रत्येकाची तारीख आणि कारण एका तक्त्यात लिहा. ‘आमच्या यादीत बसत नाही’ या कारणावर काहीही बदलायचं नसतं. तीन वेगवेगळ्या संपादकांनी एकाच स्प्रेडवर बोट ठेवलं तरच तो स्प्रेड पुन्हा काढायला घ्या.

आणि डमी एजंटकडे जाईल त्याच संध्याकाळी ८ कोरे कागद दुमडा, मधोमध दोऱ्यानं शिवा, पहिल्या पानावर तारीख टाका. भिंतीवरच्या पाच वाक्यांपैकी आजवर सर्वांत कमी वापरलेलं वाक्य निवडा आणि दुसऱ्या पुस्तकाचं पहिलं थंबनेल त्यावर काढा.